‘ड्रॉप’ म्हटल्यावर तेराही जणांना एकच कळावं

प्रति,
भारतीय वॉटर पोलोचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत त्या सर्वांस,
प्रशिक्षक नेमणाऱ्यांपासून सराव शिबिराची तारीख ठरवणाऱ्यांपर्यंत.

सप्रेम नमस्कार.

मी अमरावतीचा. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, पुढे तलावावर आलो, आणि हात लांब म्हणून सरांनी गोलमध्ये उभं केलं. ‘उभं केलं’ ही आपली बोलायची पद्धत. वॉटर पोलोत उभं राहता येत नाही, सामनाभर पाय पाण्यात रवीसारखे घुसळत राहायचं आणि कमरेपर्यंत वर निघायचं. बरीच वर्षं खेळलो, राज्याकडून खेळलो, मग शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी करत संध्याकाळी मुलांना शिकवलं. देशाच्या पुरुष संघाबरोबर सहायक प्रशिक्षक म्हणून परदेशी जायची संधी मात्र एकदाच मिळाली, काही वर्षांपूर्वी. त्या एका स्पर्धेनं मला जे दाखवलं ते इतकी वर्षं मनात घोळतंय. आता निवृत्त झालोय, म्हणून लिहायला बसलो.

आधी सामना सांगतो.

समोरचा संघ आशियातलाच, आपल्यापेक्षा फार वरचा नाही. दोन क्वार्टर झाले तेव्हा ५-५ अशी बरोबरी होती. संघातल्या आपल्या तेराही मुलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ‘आज जमेल’ असा भाव होता. तिसऱ्या क्वार्टरला त्यांनी सेंटरला एक दांडगा मुलगा आणला, आणि चेंडू त्याच्याकडे जाऊ लागला. सेंटर म्हणजे आपल्या गोलसमोर, दोन मीटरच्या रेषेच्या जरा बाहेर, पाठ आपल्या गोलकडे करून बसलेला माणूस. त्याच्या हातात चेंडू आला की एक तर गोल होतो, नाहीतर त्याला रोखणारा आपला खेळाडू काही सेकंदांसाठी बाहेर जातो. म्हणून मुख्य प्रशिक्षकांनी काठावरून बरोबर तेच सांगितलं जे कुणीही सांगितलं असतं. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “ड्रॉप! ड्रॉप!”

ड्रॉप म्हणजे बाहेरच्या खेळाडूंना सोडून मागे सरकायचं आणि सेंटरभोवती गर्दी करायची. मुलं सरकली. आणि लागोपाठ तीन गोल एकाच जागेवरून झाले, डाव्या हाताच्या चार नंबरच्या जागेवरून (गोलभोवतीच्या जागांना असे नंबर असतात). तिथला त्यांचा खेळाडू मोकळा, समोर कुणाचा हातही वर नाही. आपला गोलकीपर तिन्ही वेळा एकाच बाजूला गेला, आणि चेंडू तिन्ही वेळा दुसऱ्या बाजूनं आत गेला. बघणाऱ्याला वाटावं की पोरगा घाबरलाय. मी स्वतः गोलकीपर, मला दिसत होतं की तो बरोबर जातोय. बाहेरून फटका येतो तेव्हा बचावपटूनं हात उभा करून गोलची एक बाजू झाकायची आणि दुसरी गोलकीपरनं सांभाळायची, असा करार असतो. तो आपली बाजू सांभाळत होता. दुसऱ्या बाजूला हातच नव्हता.

टाइमआउट घेतला. टाइमआउट एका मिनिटाचा. पोरं काठाला लटकलेली, छाती भात्यासारखी चाललेली, कानांवर टोपीची प्लास्टिकची झाकणं, वर प्रेक्षकांचा गलका. प्रशिक्षक गुडघ्यावर बसून पाटीवर चुंबकाच्या सोंगट्या सरकवत हिंदीत सांगत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. खेळ सुरू झाला आणि चौथा गोल तिथूनच झाला. सामना आपण ७-१२ असा हरलो.

त्या रात्री हॉटेलच्या जेवणघरात मला राहवलं नाही. टेबलावर वाट्या मांडल्या, सहा त्यांच्या, सहा आपल्या, आणि एका ग्लासाचा गोलकीपर केला. मग एकेका मुलाला बोलावून म्हटलं, “ड्रॉप करून दाखव.” पहिल्या मुलानं फक्त मधल्या, तीन नंबरवरच्या बचावपटूची वाटी मागे ओढली. दुसऱ्यानं दोन, तीन, चार अशा तिन्ही वाट्या ओढल्या. तिसऱ्यानं तिन्ही ओढल्या आणि चार नंबरची वाटी अर्ध्यावरच थांबवली, हात वर धरल्याची खूण म्हणून तिच्यात चमचा उभा ठेवला. चौथा म्हणाला, चेंडू कुणाकडे आहे ते आधी सांगा सर. चौघंही बरोबर होते. आपापल्या राज्यात, आपापल्या सरांकडे त्यांनी ड्रॉप तसाच शिकला होता. संघात मल्याळम, बांगला, मराठी, हिंदी बोलणारी मुलं आणि सेनादलातला एक मणिपूरचा मुलगा. सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच होता आणि अर्थ चार होते. आणि आम्ही देशाचा संघ म्हणून पाण्यात उतरलो होतो.

गोलकीपर शेजारीच बसला होता. वाट्यांकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे माझं चुकलं नव्हतं ना सर?” एवढंच त्यानं विचारलं.

दोष मुलांचा नाही, मुख्य प्रशिक्षकांचाही नाही. त्यांना अठरा दिवसांचं शिबिर मिळालं होतं. पहिले तीन दिवस मुलं पोहोचण्यात गेले, दोन कागदपत्रांत गेले, आठवडाभर तलाव सकाळचे दोनच तास आमचा होता, कारण बाकीचा वेळ पोहण्याच्या वर्गांना दिलेला. प्रशिक्षकांची नेमणूकही शिबिराच्या तोंडावर झालेली. स्पर्धा संपली तशी नेमणूकही संपली. जाताना त्यांनी मला एवढंच म्हटलं की आता कुठं पोरांची ओळख झाली होती. ते पुन्हा त्या संघाकडे आले नाहीत. त्या चार वाट्यांतून जे शिकलो ते पुढच्या शिबिरातल्या नव्या माणसाला सांगायची कसलीही सोय नव्हती.

मला या पत्रात एकच मागायचं आहे. प्रशिक्षक स्पर्धेसाठी नेमू नका, संघासाठी नेमा. किमान चार वर्षांसाठी नेमा आणि पहिल्या पराभवानंतर बदलू नका.

हे मी भावनेपोटी म्हणत नाही. या खेळाचा इतिहास उघडून बघा. रात्को रुदिच हा या खेळातला सर्वांत मोठा प्रशिक्षक मानला जातो. युगोस्लाव्हियाला १९८४ आणि १९८८, इटलीला १९९२ आणि क्रोएशियाला २०१२, अशी चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं त्यानं तीन वेगवेगळ्या देशांना मिळवून दिली. क्रोएशियाची गोष्ट बघण्यासारखी आहे. २००५ मध्ये तो तिथं आला, २००७ ला जगज्जेतेपद मिळालं, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पदकही नाही. आपल्याकडे त्याच दिवशी नवा माणूस शोधायला सुरुवात झाली असती. त्यांनी त्याला ठेवलं, आणि लंडनला सुवर्ण आलं. डेनेश केमेनी १९९७ मध्ये हंगेरीच्या संघाकडे आला आणि २०००, २००४, २००८ अशी तीन सुवर्णपदकं लागोपाठ घेऊन गेला. हंगेरीत तर या खेळाचं घरोघरी वेड आहे, प्रशिक्षकांचा तुटवडा नाही. तरीही एकच माणूस पंधरा वर्षं टिकला.

तुम्ही म्हणाल, हे युरोपचे देश, त्यांची बरोबरी कशाला. ठीक, जपान घेऊ. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत वॉटर पोलोचं सुवर्ण जपाननं घेतलं आणि रौप्य आपण. त्यानंतर दोघेही घसरले. आपण १९८२ ला दिल्लीत कांस्य घेतलं आणि थांबलो. जपानचा संघ १९८४ नंतर ऑलिम्पिकला पोहोचेना. मग योजी ओमोतो नावाच्या प्रशिक्षकानं एक साधा प्रश्न धरला की आपली मुलं ठेंगणी आहेत, सेंटरशी कुस्ती करून जिंकणार नाहीत, तर मग कुस्तीच का करायची? सगळं जग बचावात प्रतिस्पर्ध्याच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये राहतं. त्यानं मुलांना प्रतिस्पर्ध्याच्या पुढे, चेंडूच्या वाटेत आणून ठेवलं. पास हवेतच पकडायचा आणि पकडला की सहाही जणांनी सुसाट पोहत सुटायचं. पास पकडता आला नाही तर मागे गोल उघडा, ही जोखीम पत्करली. अशी पद्धत अठरा दिवसांत बसत नाही. अंगात मुरायलाच तिला काही वर्षं लागतात.

बत्तीस वर्षांनी, २०१६ ला, जपान रिओच्या ऑलिम्पिकला गेला आणि तिथं सगळे सामने हरला. ओमोतो राहिला. टोकिओला घरच्या मैदानावर एकच सामना जिंकला, पण अमेरिकेसारख्या संघाला घाम फोडला. आणि २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पण त्याच विचाराच्या बळावर, जपाननं सुवर्ण घेतलं. १९७० नंतर पहिलं. बँकॉकला त्यांच्या शेजारी आपण उभे होतो हे मला त्या दिवशी फार आठवलं.

आपलाही वारसा लहान नाही, आणि तो फुगवून सांगायचीही गरज नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपण चिलीला हरवलं, सचिन नाग यांनी त्यात चार गोल केले. त्याच सचिन नाग यांनी १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत शंभर मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं आणि वॉटर पोलोचंही. त्या वेळी वॉटर पोलोत दोनच संघ होते, आपण आणि सिंगापूर, आणि आपण ६-४ असे जिंकलो, हेही मी मुलांना सांगतो. कारण त्याच सिंगापूरनं पुढे काय केलं ते सांगायचं असतं. १९६५ पासून २०१७ पर्यंत आग्नेय आशियाई स्पर्धेतलं पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण त्यांनी घेतलं. सलग सत्तावीस. मुंबईपेक्षा लहान त्या शहराची लोकसंख्या, त्यात खेळणारी मुलं ती किती! २०१९ ला हरले, २०२३ ला पुन्हा जिंकले. इथून विमानानं साडेपाच-सहा तासांवर आहेत. दरवर्षी तीन सामने तिकडे, तीन इकडे, असं त्यांच्याशी ठरवायला काय अवघड आहे? युरोपचा दौरा परवडत नसेल तर नका करू. पण वर्षातून सहा सामने बाहेरच्या शिट्टीवर खेळू द्या.

शिट्टीबद्दल थांबून सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. आपल्या देशांतर्गत सामन्यांत सेंटरला मागून धरलं, बुडवलं, तरी बहुतेक वेळा साधा फाउल मिळतो आणि खेळ पुढे जातो. आंतरराष्ट्रीय पंच त्याच गोष्टीला थेट बाहेर काढतात. तीन वेळा बाहेर गेला की त्या खेळाडूचा सामना संपला. आमचा सर्वांत चांगला सेंटरबॅक, म्हणजे सेंटरला रोखणारा खेळाडू, त्या स्पर्धेत एका सामन्यात दुसरा क्वार्टर संपायच्या आत काठावर टॉवेल गुंडाळून बसला होता. त्यानं नेहमीसारखंच केलं होतं. लहानपणापासून ज्या पंचांसमोर खेळला त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती. ही सवय प्रशिक्षकाच्या भाषणानं जात नाही, शंभर वेळा शिट्टी ऐकून जाते. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेला एक-दोन आंतरराष्ट्रीय पंच बोलवा आणि संघाच्या प्रशिक्षकाला तिथं आपल्या पंचांबरोबर बसवा. पंच आणि प्रशिक्षक एकमेकांशी बोलतच नाहीत अशी आपल्याकडची रीत आहे, ती मोडा.

नियमांचंही तसंच. २०२५ पासून पुरुषांचं मैदान तीस मीटरवरून पंचवीसच्या आसपास आलं, आक्रमणाचा वेळ तीस सेकंदांवरून पंचवीसवर आला. खेळ पार बदलला. मला यात आपला फायदा दिसतो. गावोगावचे पंचवीस मीटरचे तलाव आता सरावापुरते पुरतील. अडचण फक्त खोलीची उरते. खेळायला साधारण दोन मीटर खोल पाणी हवं आणि आपले बहुतेक नगरपालिकांचे तलाव एका टोकाला छातीइतकेच खोल. मुलगा दमला की तिकडे जाऊन पाय टेकतो. दहा वर्षं पाय टेकायची सवय लागलेल्या मुलाला मी जागतिक दर्जाच्या तलावात बघितलंय. चौथ्या क्वार्टरला त्याचा पाय आपोआप तळ शोधायला खाली जातो, आणि तेवढ्यात समोरचा त्याच्या खांद्यावरून निघून जातो. नवे तलाव बांधताना एक तरी सगळीकडे सारखा खोल बांधा, एवढं क्रीडा खात्याला कुणीतरी अधिकारानं सांगायला हवं. देशाच्या संघाचा कायमचा प्रशिक्षक असेल तर तो सांगेल. अठरा दिवसांचा पाहुणा कुणाला काय सांगणार?

आता २०३६ चं बोलू, कारण ते सगळ्यांच्याच मनात आहे. अहमदाबादला ऑलिम्पिक यावं म्हणून देशानं हात वर केलाय. आलं तर यजमान म्हणून वॉटर पोलोत आपल्याला जागा मिळण्याची शक्यता मोठी आहे. असं यजमानपद दोन देशांनी कसं वापरलं ते बघा. २०१२ ला ब्रिटनचा पुरुष संघ घरच्या लंडनमध्ये एकूण एक सामना हरला, आणि दोन वर्षांत तिथं या खेळाचा सरकारी निधीच थांबला. ब्राझीलनं रिओच्या तीन वर्षं आधी रुदिचला आणलं. ज्या देशाचा पुरुष संघ १९८४ नंतर ऑलिम्पिकला गेला नव्हता, त्यानं २०१६ ला सर्बियाला ६-५ असं हरवलं. सर्बिया त्या स्पर्धेचा विजेता ठरला! ब्राझीलनं परदेशातून नागरिकत्व देऊन काही खेळाडू आणले होते, आपल्याला तो मार्ग नाही, आणि नसलेलाच बरा. आपल्याला आपलीच मुलं घडवायची आहेत, म्हणून तर आपल्याला तीन वर्षांऐवजी दहा वर्षं लागणार. २०३६ ला जो चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल तो आज शाळेत आहे. केरळात, बंगालमध्ये, पुण्यात, इथं अमरावतीत तो सध्या पोहतोही आहे.

मुलींबद्दल वेगळं लिहीत नाही, कारण वेगळं काही मागायचं नाही. ऑलिम्पिकमध्ये महिलांचा वॉटर पोलो २००० पासून आणि आशियाई स्पर्धेत २०१० पासून आहे. जे मुलांच्या संघासाठी मागतोय तेच, त्याच दिवशी, मुलींच्या संघालाही द्या. वेगळा पूर्णवेळ प्रशिक्षक, मुलांच्या प्रशिक्षकाकडे जादा काम म्हणून दिलेला नव्हे.

प्रशिक्षक परदेशी असावा की देशी, यावर तुमच्या बैठकांत पुष्कळ वाद होत असेल. मला विचाराल तर पहिली चार वर्षं बाहेरचा जाणकार आणावा, आणि त्याच्या हाताखाली दोन आपले, तरुण, एक दक्षिणेतला आणि एक बंगालचा किंवा महाराष्ट्राचा असे द्यावेत. बाहेरच्याशी करार करतानाच त्यात लिहून घ्यावं की जाताना हे दोघे तयार हवेत. आणि राज्यांच्या प्रशिक्षकांना वर्षातून एकदा पाच दिवस एकत्र बसवावं. पाण्यात उतरवायचीही गरज नाही, टेबल पुरेल. देशाचा संघ प्रेस, म्हणजे प्रत्येकाला चिकटून बचाव, कसा करतो, ड्रॉप कसा करतो, एक माणूस कमी असताना पाच जण कसे हलतात, हे प्रत्येक राज्यात चौदा वर्षांच्या मुलाला एकाच अर्थानं शिकवलं जावं. मग शिबिर अठरा दिवसांचं असलं तरी चालेल, कारण पहिल्या दिवशी मुलं एकमेकांची भाषा बोलत असतील.

त्या रात्रीनंतर मी एक वही केली. वॉटर पोलोच्या सामन्यात काठावरून आणि पाण्यातून दिल्या जाणाऱ्या बेचाळीस हाका त्यात आहेत. प्रत्येक हाकेसमोर कुठं तिचा काय अर्थ घेतात ते, मुलांना विचारून, आकृतीसह लिहिलंय. त्यातल्या अकरा हाकांचे दोन किंवा त्याहून जास्त अर्थ निघाले. त्या लाल पेनानं लिहिल्या आहेत. तो गोलकीपर आता स्वतः लहान मुलांना शिकवतो, त्यानं गेल्या दिवाळीत येऊन त्यात आणखी तीन भरल्या.

वहीची प्रत काढून ठेवली आहे. जो कुणी पुढचा प्रशिक्षक नेमला जाईल त्याच्या हाती ती पडावी, अशी इच्छा आहे. कुठं पाठवायची तेवढं कळवा.

आपला,
राष्ट्रीय संघाचा एक माजी सहायक प्रशिक्षक,
अमरावती